चाकावरील भार आणि टायरावरील आंकडा

गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे साखर कारखान्याकडे जाणाऱ्या कोणत्याहि रस्त्यानें दोन कोस जावें, एखादी तरी उसाची ट्रॉली कडेस कललेली, चाक काढून धोंड्यांवर टेकविलेली दिसल्यावांचून राहत नाहीं. ट्रॅक्टर सोडून नेलेला असतो, मजूर उसाच्या सावलींत बसलेले असतात, आणि मालक टायरवाल्याकडे गेलेला असतो. विचारावें तर उत्तर ठरलेलें: "टायर गेला." टायर कां गेला, हें कोणी सांगत नाहीं, कारण तो किती ओझ्यासाठीं केलेला होता व आपण त्यावर किती घातलें, हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं मांडून पाहण्याची आपल्यांत चालच नाहीं. जमिनीचा आकार, पाणीपट्टी, सोसायटीचें व्याज ह्यांचा हिशेब आपण पैपर्यंत ठेवतों. टायरासारखी हजारों रुपयांची वस्तु मात्र दुकानदार देईल ती घेतों, आणि फार तर नक्षी खोल आहे कीं नाहीं तेवढें अंगठ्यानें चांचपून पाहतों.

महसूल खात्यांत आमचें आयुष्य एका कागदावरील आंकडे दुसऱ्या कागदाशीं ताडून पाहण्यांत गेलें. त्या संवयीनें ह्या प्रश्नाकडे पाहिलें असतां आम्हांस असें आढळून आलें कीं, टायराची निवड ही कोणा कारागिराची गुप्त विद्या नसून साधा ताळा आहे. ताळ्याची एक बाजू टायराच्या अंगावर छापलेली असते; दुसरी बाजू कारखान्याच्या किंवा बाजार समितीच्या कांट्याच्या पावतीवर असते. ह्या दोन्हीं बाजू वाचावयाच्या कशा, एवढेंच प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे.

पूर्वीच्या बैलगाडीच्या चाकास लोखंडी धांव असे. तिच्यावरचें ओझें धांव, आरे आणि तुंबा ह्यांच्या ताकदीवर तोललें जाई. जास्त झालें तर कांहीं तरी मोडे, आणि मोडलेलें डोळ्यांस दिसे. हवेच्या टायराचें तसें नाहीं. १८४५ त रॉबर्ट विल्यम थॉमसन ह्या स्कॉटिश गृहस्थानें हवेच्या चाकाचें पेटंट घेतलें, पण तें विस्मरणांत गेलें. पुढें १८८८ त जॉन बॉइड डनलॉप ह्यानें बेलफास्ट येथें तीच कल्पना पुन्हां उभी केली. ट्रॅक्टराचीं लोखंडी चाकें जाऊन रबरी टायर येण्यास तर १९३२ साल उजाडावें लागलें. ह्या सर्व शोधाचें मर्म एकच आहे. ओझें रबर उचलीत नाहीं; टायरांत कोंडलेली हवा उचलते. रबर आणि त्याच्या आंतील दोऱ्यांचे थर ही केवळ ती हवा धरून ठेवणारी पिशवी होय.

कल्पना स्पष्ट होण्यासाठीं थोडा हिशेब करूं. टायरांत दर चौरस सेंटिमीटरास अडीच किलो दाब आहे, म्हणजे टायरवाल्याच्या भाषेंत सुमारें ३५ पौंड हवा आहे. आणि त्या चाकावर १,००० किलो भार आहे. तर टायराची सुमारें ४०० चौरस सेंटिमीटर जागा जमिनीस टेकेल. लहानशा पोळपाटाएवढी ती जागा झाली. आतां हवा तेवढीच ठेवून भार दुप्पट केला, तर टायर खालीं बसतो आणि टेकण्याची जागा जवळजवळ दुप्पट होते. चाक फिरतांना टायराचा प्रत्येक भाग जमिनीपाशीं दबतो आणि वर जातांना पुन्हां सरळ होतो; दर मिनिटास शेंकडों वेळां हें चालतें. लोखंडी तार एकाच जागीं पुढेंमागें वांकवीत राहिलें म्हणजे ती तेथें गरम होते व शेवटीं तुटते, हें आपण सर्वांनीं करून पाहिलें आहे. जास्त बसलेल्या टायराच्या बाजूच्या भिंतीचें तेंच होतें. आंतील थर तापतात, एकमेकांपासून सुटतात, बाहेरून कदाचित् एखादा फुगा दिसतो, कदाचित् तोहि दिसत नाहीं. म्हणून जो टायर आज रिकाम्या फेरीस फुटतो, तो बहुधा परवांच्या भरलेल्या फेरींत मेलेला असतो; आणि आपण दोष देतों आजच्या खड्ड्यास.

आतां टायराच्या अंगावर काय लिहिलेलें असतें तें पाहूं. पहिली गोष्ट माप: ९.००-१६, ७.५०-१६, १३.६-२८ अशा रीतीनें रुंदी आणि रिमेचा व्यास दिलेला असतो. आपल्याकडील बहुतेक खरेदी येथेंच संपते. माप जुळलें, टायर रिमेवर बसला, झालें. परंतु माप हें केवळ टायर बसेल कीं नाहीं एवढेंच सांगतें; तो किती वाहील हें सांगत नाहीं. एकाच मापाचा टायर निरनिराळ्या ताकदीचा मिळतो, आणि दुकानांत दोन टायरांच्या किंमतींत जो फरक दिसतो तो पुष्कळदां ह्या ताकदीचाच असतो.

ही ताकद दोन रीतींनीं दाखविण्याचा प्रघात आहे. जुनी रीत प्लाय रेटिंगची. टायरावर ८, १२, १६ असा अंक आणि त्यापुढें पी. आर. हीं अक्षरें असतात. पूर्वीं टायराच्या आंत सुती कापडाचे खरोखरीच तितके थर घालीत, त्यावरून हें नांव पडलें. पुढें नायलॉन व पोलाद आलें, थोड्या थरांत तितकीच किंवा अधिक ताकद येऊं लागली, पण अंक राहिला. तेव्हां १६ पी. आर. च्या टायरांत सोळा थर आहेत असें दुकानदार सांगूं लागल्यास त्यावर विश्वास ठेवूं नये. तो अंक ताकदीचा दर्जा आहे, थरांची मोजदाद नव्हे. एकाच मापांत हा अंक जितका मोठा, तितकी अधिक दाबाची हवा टायर सोसतो आणि म्हणून तितका अधिक भार वाहतो. मात्र ती अधिक हवा प्रत्यक्ष भरली तरच! १६ पी. आर. चा टायर आणून त्यांत जुन्या संवयीनें १० पी. आर. ची हवा ठेवली, तर भारक्षमता विकत घेऊन ती कोठारांत ठेवल्यासारखें झालें. आणि उलट बाजूहि आहे. टायर दणकट घेतला पण रिम तीच जुनी, गंजलेली, एकदां वेल्डिंग केलेली असली, तर जास्तीची हवा रिमेस सोसत नाहीं. हवा भरतांना रिमेचें कडें उडून माणूस दगावण्याचे प्रकार ह्यांतूनच घडतात.

दुसरी व अधिक नेमकी रीत भारांकाची. मापाच्या पुढें एक अंक आणि एक अक्षर असतें. हा अंक किलोंचा नव्हे. तो कोष्टकांतील क्रमांक आहे. १०० ह्या अंकाचा अर्थ एका टायरावर ८०० किलो. ११० म्हणजे १,०६०. १२० म्हणजे १,४००. १३० म्हणजे १,९००. १४० म्हणजे २,५००. १५० म्हणजे ३,३५०. दर दहा अंकांस भार सुमारें एकतृतीयांशानें वाढतो, आणि एका अंकास साधारण शेंकडा तीन. एवढें ध्यानांत ठेवलें तर कोष्टक जवळ नसतांनाहि अदमास बांधतां येतो. कित्येक टायरांवर ह्याच्या जोडीला अथवा ह्याऐवजीं अधिकांत अधिक भार किलोंत व त्यासाठीं लागणारी हवा असा स्पष्ट मजकूरहि ठसविलेला असतो. अक्षरें बारीक असतात व चिखलानें भरलेलीं असतात. ओला फडका फिरवून वाचावीं.

अंकानंतरचें अक्षर गतीचें. ए८ म्हणजे ताशीं ४० किलोमीटर, बी म्हणजे ५०, एफ म्हणजे ८०, जे म्हणजे १००, एल म्हणजे १२०. भार आणि गति हीं दोन्हीं एकत्र वाचावयाचीं असतात. ट्रॉलीच्या टायरावर २,५०० किलो आणि ए८ असें असेल, तर तें वचन ताशीं ४० किलोमीटरपर्यंतचें आहे. ह्याहून हळू चालवावयाचें असल्यास थोडा अधिक भार चालतो असें टायर करणाऱ्यांच्या कोष्टकांत दिलेलें असतें. ह्या सवलतीचा आधार घेणाऱ्यास आमचा एकच प्रश्न आहे. आपला गडी उतारावर ट्रॅक्टर न्यूट्रल करून सोडतो तेव्हां त्याची गति किती असते? ती ज्याला ठाऊक नाहीं त्यानें सवलतीचें कोष्टक उघडूंच नये.

हा झाला टायराचा कागद. आतां ओझ्याचा कागद. उसाची प्रत्येक खेप कारखान्याच्या कांट्यावर तोलली जाते व पावती मिळते. तिच्यावर भरलेलें वजन, रिकामें वजन आणि निव्वळ वजन असे तीन आंकडे असतात. शेतकरी निव्वळ वजन पाहतो, कारण त्याचेच पैसे मिळावयाचे असतात. टायरास मात्र निव्वळ वजन ठाऊक नसतें. त्याच्यावर ऊसहि येतो आणि ट्रॉलीचें लोखंडहि येतें. शिवाय पावतींतील रिकाम्या वजनांत ट्रॅक्टर मिळविलेला असतो, आणि दोन ट्रॉल्या एकत्र तोलल्या असल्यास दोहोंचा ऊस एकांत एक होऊन जातो. तेव्हां सर्वांत सरळ उपाय असा कीं, हंगामांत एकदां गर्दी नसेल अशा वेळीं कांटेवाल्यास विनंती करून ट्रॅक्टर कांट्याच्या पलीकडे ठेवावा व भरलेल्या ट्रॉलीचीं चाकेंच तेवढीं कांट्यावर घ्यावीं. जो आंकडा येईल तो ह्या चाकांवरील खरा भार. खाजगी धर्मकांट्यावर हें काम थोड्या पैशांत होतें.

दाखल्यासाठीं एक दोनचाकी ट्रॉली घेऊं. तिचें रिकामें वजन १,२०० किलो, वर ऊस ५,००० किलो. एकूण ६,२०० किलो. दोनचाकी ट्रॉलीचा कांहीं भार पुढें ट्रॅक्टराच्या हुकावर जातो. तो शेंकडा १५ धरला तर ९३० किलो. उरले ५,२७० किलो. दोन चाकांत विभागून प्रत्येकीं २,६३५. कोष्टकांत १४२ ह्या अंकास २,६५० किलो आहेत, सबब १४२ चा टायर पुरेसा, असें कागदावर दिसतें. परंतु रस्ता कागदासारखा सपाट नसतो. डांबरी रस्ता मध्यें उंच व कडांस उतरता असतो. समोरून गाडी आली कीं ट्रॉलीचें डावें चाक कच्च्या पट्टीवर उतरतें, आणि उंच रचलेल्या मोळ्यांचें ओझें त्या बाजूस झुकतें. वळणावर व खड्ड्यांत क्षणमात्र होणारी भर वेगळीच. ह्यासाठीं शेंकडा १५ तरी राखीव ठेवावे असें आमचें मत आहे. २,६३५ त शेंकडा १५ मिळविले म्हणजे ३,०३० होतात. त्यास १४७ अंकाचा, म्हणजे ३,०७५ किलोंचा टायर लागतो.

येथें खरी अडचण पुढें येते. हा आंकडा घेऊन दुकानांत गेल्यावर आपल्या रिमेवर बसणाऱ्या मापांत इतक्या ताकदीचा टायर मिळत नाहीं, असें पुष्कळ वाचकांस आढळेल. अशा वेळीं दुकानदार म्हणतो, "सगळे हाच घालतात." सगळे घालतात हें खरें, आणि सगळ्यांच्या ट्रॉल्या रस्त्याच्या कडेस टेकलेल्या दिसतात हेंहि खरें. टायर मिळत नाहीं ह्याचा सरळ अर्थ असा कीं, ती ट्रॉली एवढ्या ओझ्यासाठीं केलेलीच नाहीं. तिचें एक्सल, बेअरिंग, हुक हींहि त्याच मापाचीं आहेत. अशा ठिकाणीं टायर बदलण्याचा प्रश्न उरत नाहीं, ओझें बदलण्याचा राहतो. वरच्याच उदाहरणांत ऊस एक टन कमी करून ४,००० किलो घेतला, तर चाकावर २,२१० किलो येतात. राखीव धरून २,५४१, आणि १४१ अंकाचा, २,५७५ किलोंचा टायर भागतो.

ह्यावर लगेच हरकत येते कीं, वाहतुकीचा दर टनावर आहे, तोडणीची टोळी उचल घेऊन बसली आहे, कारखान्याच्या दारांत रात्र रात्र रांग असते; एक टन कमी न्यावयाचा तर फेरी परवडावी कशी? हरकत खोटी नाहीं, आणि ती उडवून लावणें आम्हांस बरोबर वाटत नाहीं. परंतु हिशेब पुरता करावा एवढेंच म्हणणें आहे. जास्तीच्या टनाची मिळकत प्रत्येक फेरीस हातांत पडते, म्हणून ती दिसते. खर्च मात्र दोन हंगाम चालणारा टायर एकाच हंगामांत जातो तेव्हां पडतो, आणि तो टायरखातीं लिहिला जातो, जास्तीच्या टनाखातीं लिहिला जात नाहीं. वाटेंत मोडलेल्या फेरीचा दिवस, क्रेनचें भाडें, उन्हांत वाळलेल्या उसाची घट हीं तर कोठेंच लिहिलीं जात नाहींत. एका हंगामापुरतें एक वेगळें पान घालून ह्या रकमा एकत्र मांडाव्यात व मग जास्तीचा टन परवडतो कीं नाहीं तें ज्याचें त्यानें ठरवावें. आणि त्या पानावर न मांडतां येणारी एक गोष्ट आहे. रात्रीच्या वेळीं त्याच ट्रॉलीच्या उसावर तोडणीचीं माणसें, कधीं कधीं बायकामुलें, झोंपलेलीं असतात. भरल्या ट्रॉलीचा एका बाजूचा टायर फुटला म्हणजे ती त्या बाजूस बसते, आणि उंच रचलेली असल्यास तशीच कलंडते.

दोनचाकी ट्रॉलीविषयीं आणखी एक सूचना. हुकावर जाणारा भार ट्रॅक्टराच्या मागच्या टायरांवर पडतो व पुढचीं चाकें हलकीं होतात. ऊस मागें जास्त रचला तर हुक वर उचलला जातो, पुढें जास्त रचला तर ट्रॅक्टराचीं पुढचीं चाकें जमीन सोडूं पाहतात. चढावर पुढचीं चाकें उचललेला ट्रॅक्टर आपण पाहिला असेलच. कांहीं ठिकाणीं ह्यावर उपाय म्हणून पुढें बंपरावर माणसें बसवितात! पुढें लोखंडी वजनें लावणें हा खरा उपाय. मात्र तीं लावतांना पुढच्या लहान टायराचा आंकडा पाहावा, कारण तेंहि ओझेंच आहे. मागच्या टायरांत पाणी भरण्याची चाल चिखलणीसाठीं व नांगरटीसाठीं चांगली. हंगामभर रस्त्यावर वाहतूक करावयाची असल्यास तें पाणी काढून टाकणें बरें.

चारचाकी ट्रॉलीचा भार चार टायरांवर पडतो म्हणून चार भाग सारखे धरण्याची चूक करूं नये. मागच्या अंगास ऊस दाट असतो व फळीबाहेर लोंबतो. मागचे दोन टायर नेहमींच अधिक सोसतात. जुना-नवा असा मेळ घालावयाचाच असल्यास सरस टायर मागें घालावे. एका एक्सलावर दोन निरनिराळ्या ताकदीचे टायर घातले तर त्या एक्सलाची क्षमता कमी ताकदीच्या टायराच्या दुप्पट, एवढीच धरावी. दुसरा कितीहि भारी असो. रेडियल व साधा नायलॉन टायर एका एक्सलावर जोडूं नयेत, कारण दोघांचें बसणें निरनिराळें असतें.

मालवाहू पिकअपचें प्रकरण निराळें आहे, कारण तेथें नोंदणी पुस्तक बोलतें. त्यांत रिकामें वजन व भारासह एकूण वजन असे दोन आंकडे असतात. वजाबाकी केली कीं गाडींत किती माल घालावा हें निघतें. समजा रिकामें वजन १,७०० व एकूण ३,००० आहे. म्हणजे माल १,३०० किलो, कांद्याच्या पन्नास किलोच्या २६ गोण्या. लासलगांव-पिंपळगांवकडून चैत्र-वैशाखाच्या उन्हांत कसाऱ्याच्या घाटानें मुंबईकडे उतरणाऱ्या अशा गाडींत पन्नास गोण्या घातलेल्या असल्या तर माल २,५०० किलो व एकूण ४,२०० किलो झाला. माल मागें असतो, म्हणून त्यांतले सुमारें ३,००० किलो मागच्या दोन टायरांवर, दर टायरास १,५०० येतील. आतां टायरावर '११६/११४ आर' असें लिहिलेलें आहे असें धरूं. ११६ म्हणजे १,२५० किलो. म्हणजे शेंकडा २० अधिक भार, तापलेला रस्ता, उतार, आणि मागें घाट. ह्या गाडीचा टायर फुटल्यास नशिबाकडे बोट दाखविण्याचें कारण नाहीं.

वरील खुणेंत दोन अंक कां, हें पुष्कळांस कोडें वाटतें. पहिला अंक एकेरी टायरासाठीं, दुसरा जोडटायरासाठीं. ज्या गाडीस मागें प्रत्येक अंगास दोन दोन टायर असतात, तेथें प्रत्येकाची क्षमता थोडी कमी धरतात. ११४ म्हणजे १,१८० किलो. कारण जोडींतील दोन टायर ओझें कधींच बरोबरीनें घेत नाहींत, आणि आंतल्या टायरास वारा लागत नसल्यानें तो अधिक तापतो. जोडींतील एकाची हवा कमी झाली तर बाहेरून दिसत नाहीं. दुसरा मुकाट्यानें दोघांचें ओझें ओढतो. म्हणून काठी मारून आवाज ऐकण्याची ड्रायव्हरांची जुनी पद्धत ठीक असली, तरी आंतल्या टायरास मोजमापाची नळी लावूनच पाहावें.

नोंदणी पुस्तकांतील एकूण वजन हें, कारखान्यानें त्या गाडीस जो टायर ठरविला तो बसविलेला आहे, असें गृहीत धरूनच ठरलेलें असतें. टायर झिजल्यावर स्वस्त म्हणून कमी भारांकाचा घातला तर पुस्तकांतील आंकडा तोच राहील, गाडीची ताकद मात्र तेवढी राहणार नाहीं. उलट भारी टायर घातल्यानें पुस्तकांतील आंकडा वाढतो, ही समजूतहि चुकीची. मोटार वाहन कायदा, १९८८ ह्याच्या कलम १९४ त २०१९ साली दुरुस्ती झाली. तींत जास्त भारासाठीं २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनास २,००० रुपये अशी शिक्षा ठेवली आहे, शिवाय जादा माल उतरविण्याचा खर्च वेगळा. नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षां कमी राहिलेला टायर चारचाकी वाहनास वापरतां येत नाहीं, असाहि नियम आहे. नक्षीच्या खोबणींत मधूनमधून जे लहान उंचवटे असतात त्यांच्या पातळीस रबर झिजून आलें कीं ती मर्यादा गांठली असें समजावें.

टायरगाडीचा विचार मात्र उलट दिशेनें केला पाहिजे. बैलगाडीस लोक जुने मोटारीचे टायर लावतात, ते बैलांच्या मानानें कितीतरी अधिक भार वाहूं शकतात. तेथें मर्यादा टायराची नसून बैलाची आहे. ओढावयाच्या व ओझ्याच्या जनावरांसंबंधीं १९६५ चे नियम आहेत. त्यांत हवेच्या टायराच्या दोनचाकी गाडीस साध्या चाकाच्या गाडीच्या दीडपट भार मान्य केला आहे, त्याहून अधिक नाहीं. टायर बसत नाहीं म्हणून आणखी मोळ्या चढविणाऱ्यानें बैलाच्या खांद्याकडे पाहावें. गाडीच्या टायरांत हवा कमी ठेवण्याची खोड मात्र बैलांस नडते. बसलेला टायर ओढण्यास जड जातो.

दुधाच्या फेरीची मोटारसायकल ह्या हिशेबांतून कोणी धरीतच नाहीं. गाडीचे स्वतःचे मागच्या चाकावर ६० किलो, स्वाराचे ४५, आणि मागें लटकविलेल्या दोन भरल्या कॅनांचे १०० धरले, तर मागच्या टायरावर २०५ किलो होतात. दुचाकीच्या टायरावर ४२ अंक असेल तर त्याची मर्यादा १५० किलो, ५२ असेल तर २००. गवळ्यांनीं आपल्या मागच्या टायराचा अंक आजच वाचावा.

आतां जुना माल. रिमोल्ड केलेल्या टायरास नवी नक्षी चढते, आंतील थर जुनेच असतात; तेव्हां त्याच्यावरील मूळ भारांक हा वरच्या बाजूची मर्यादा समजून त्याखालींच राहावें. हलक्या फेऱ्यांस, शेणखत ओढण्यास असा टायर वाईट नाहीं. टायराच्या भिंतीवर एका लंबगोलांत चार अंक असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २३१९ असल्यास तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांतला. ट्रॉल्या आठ महिने उन्हांत उभ्या असतात व रबर वापरल्यावांचूनहि म्हातारें होतें. भिंतीवर बारीक चिरा पडलेल्या दिसल्या तर नक्षी शाबूत असली तरी तो टायर भरल्या ट्रॉलीस घालूं नये. रिकामी ट्रॉली उभी करतांना एक्सलाखालीं ठोकळे देऊन टायरांवरचा भार काढावा व त्यांवर पोतीं टाकावींत. मोटार वाहनांच्या नव्या टायरावर आय. एस. आय. ची खूण असणें २००९ च्या आदेशानें सक्तीचें झालें आहे, ती पाहावी.

हवा सकाळीं, गाडी निघण्यापूर्वीं, टायर थंड असतांना मोजावी. तापलेल्या टायरांत दाब वाढलेला दिसतो म्हणून कांहीं ड्रायव्हर वाटेंत हवा काढतात; ह्यानें थंड झाल्यावर टायर आणखी बसतो व आणखी तापतो. मोजण्याची नळी स्वतःची असावी. पंपावरील घड्याळ व आपली नळी ह्यांत पुष्कळदां अंतर निघतें.

शेवटीं आमची एक व्यवहाराची सूचना. ट्रॉलीच्या पुढच्या फळीवर, ट्रॅक्टरवाल्यास बसल्या जागीं दिसेल अशा ठिकाणीं, तेलरंगानें चार आंकडे लिहून ठेवावेत: रिकामें वजन, टायराचा भारांक, थंड टायराची हवा, आणि ह्या टायरांवर जास्तींत जास्त किती ऊस. टायर बदलला कीं दुसऱ्या आंकड्याबरोबर चवथाहि पुसून नवा लिहावा. टोळीच्या मुकादमास तो चवथा आंकडा फडांत मोळ्या रचतांनाच वाचून दाखवावा. ट्रॉली कांट्यावर गेल्यानंतर त्याचा उपयोग नाहीं.